भात शेवटी आला

‘आमच्याकडे पदार्थ जसे तयार होतील तसे टेबलावर येतात.’ पुण्यात बालेवाडीच्या बाजूला नव्याने उघडलेल्या एका ‘पॅन-एशियन’ रेस्टॉरंट-बारमध्ये ऑर्डर घेऊन झाली की हे वाक्य ऐकवलं जातं. अगदी नम्रपणे, हसून. ऐकताना त्यात वावगं काही वाटत नाही. थाई ग्रीन करीचा वाडगा समोर येऊन निवत बसतो आणि भाताचा पत्ता नसतो, तेव्हा त्याचा खरा अर्थ कळतो.

गेल्या शनिवारी तिथे जेवायला गेलेल्या एका कुटुंबाची ही हकिगत. मुलगा, सून, बावीस वर्षांचा नातू आणि मूळच्या वेंगुर्ल्याच्या, आता ऐंशीला टेकलेल्या आजी. नातवाला पहिली नोकरी लागली म्हणून जेवण त्याच्याकडून. आधी सुशी आली. मग डिमसमच्या वेताच्या टोपल्या आल्या, त्या संपल्या. मग बराच वेळ काहीच नाही. मग करी आली आणि तिच्या पाठोपाठ नूडल्स, ज्या करीबरोबर कुणालाच नको होत्या. आजींनी चमच्याने करी चाखली, चव आवडली आणि त्यांनी नातवाला विचारलं, ‘अरे, पण नुसतं कालवण कसं खायचं?’ भात आला तेव्हा करीवर साय धरली होती.

हे सदर भाताच्या बाबतीत हळवं आहे.  त्यामुळे हा विषय इतक्यात सुटणार नाही.

असं का होतं याचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. अशा ठिकाणी सुशीचं थंड काउंटर वेगळं, वाफेचं डिमसम वेगळं, मोठ्या आचेवरची कढई वेगळी, तळण वेगळं. टेबलावर घेतलेली ऑर्डर यंत्रातून फुटते आणि प्रत्येक विभागाला त्याच्या वाट्याची केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, मिळते. जो तो आपला पदार्थ आपल्या वेळेत करून मोकळा होतो. त्या सगळ्यांना थांबवून ‘करी आणि भात एकदम सोडा’ असं सांगणारा एक माणूस बाहेर जाणाऱ्या ताटांपाशी उभा असावा लागतो. हे काम अनुभवाचं आहे आणि अनुभवी माणसाला पगारही तसा द्यावा लागतो. त्या माणसाची जागा एका वाक्याने भरून काढली की स्वयंपाकघराची अडचण ग्राहकाच्या ताटात येते.

यात जास्त खटकतं ते वेगळंच. भात शेवटी येणं ही आशियात चूक नव्हेच. चिनी मेजवानीत भात किंवा नूडल्स बहुधा शेवटाकडे येतात, कारण आधीच्या पदार्थांचा मान मोठा. जपानी कैसेकी जेवणाची अखेर भात, मिसो सूप आणि लोणच्याने होते. थाई घरात मात्र भात मधोमध असतो आणि बाकी सगळं त्याच्या भोवती. आपल्या पंगतीत तर वरणभात-तुपाशिवाय पहिला घासच नाही, पुढे मसालेभात आणि शेवटी ताकभात. म्हणजे प्रत्येक ठिकाणी भाताची वेळ ठरलेली आहे आणि तिच्यामागे त्या लोकांचा विचार आहे. पाच देशांचे पदार्थ एका कार्डावर आणताना त्यांची वाढण्याची रीत मात्र तिकडेच ठेवून यायची, हे काही बरोबर नाही.

सुशीतल्या भाताचीही तीच गत. तो शिजवून, व्हिनेगर, साखर, मीठ घालून, वारा घालत निववतात आणि वाढताना अंगाच्या उबेइतका कोमट ठेवतात. इथला सरळ फ्रिजमधून आलेला होता. गार झाल्यावर भातातला स्टार्च कडक होतो, दाणा दाताखाली कचकचतो. मासा ताजा होता, कापही सुरेख होता, आणि तरी ती बशी उरली.

पदार्थांची सरमिसळ करण्याला या सदराची हरकत नाही, ती असायचं कारणही नाही. मुंबईच्या ताजमध्ये ‘गोल्डन ड्रॅगन’ १९७३ मध्ये सुरू झालं आणि सिचुआनी जेवण भारतातल्या मोठ्या हॉटेलात पोचलं. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन बनवल्याचं श्रेय दिलं जातं: आलं, लसूण, हिरवी मिरची आपली आणि गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. तिकडे वुल्फगँग पक यांनी १९८३ मध्ये कॅलिफोर्नियात ‘शिनवा ऑन मेन’ हे रेस्टॉरंट काढलं. पेरूमध्ये काम करून आलेल्या नोबू मात्सुहिसा यांनी १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला आपलं दुकान मांडलं आणि जपानी माशाला दक्षिण अमेरिकेच्या मिरच्यांची संगत दिली. आज कोपऱ्यावरच्या गाडीवर शेजवान डोसा मिळतो तो याच वाटेवरचा.

त्या रात्रीचं कौतुक करण्यासारखंही बरंच होतं. कोळंबीचं डिमसम अव्वल होतं. त्याचं आवरण गव्हाच्या ग्लुटेन काढलेल्या स्टार्चचं असतं. त्यात उकळतं पाणी ओतून उकडीसारखं मळतात, पातळ पारी लाटतात आणि मोदकासारख्या कळ्या पाडून मिटवतात. वाफेवर ते काचेसारखं होतं, आतली गुलाबी कोळंबी बाहेरून दिसते. मिनिटभर जास्त ठेवलं तर टोपलीला चिकटून फाटतं. त्या टोपलीतलं एकही फाटलेलं नव्हतं. करणाऱ्याचा हात तयार होता, आणि आजींनी ते नुसतं बघूनच ओळखलं.

बारचं वागणंही सरळ होतं. नातवाने कॉकटेल मागितलं, तर बारवाल्या मुलीने वय विचारलं आणि नाही म्हणून सांगितलं. महाराष्ट्रात बिअरला एकवीस आणि कडक दारूला पंचवीस वर्षं पुरी लागतात, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि पुष्कळ बार विचारतही नाहीत. तिने त्याऐवजी आमसूल आणि गवती चहाचं सरबत करून दिलं. आंबट, गार, वरून मिठाची कड. चौघांनी तेच मागवलं.

मग ती कोंबडी आली.

चीनमधल्या चोंगछिंगच्या धर्तीवरची: सुक्या लाल मिरच्यांचा ढीग आणि त्यात लपलेले तळलेल्या कोंबडीचे लहान तुकडे. दोन घास खाल्ल्यावर सुनेने चमचा खाली ठेवला. ओठ झिणझिणायला लागले होते, जीभ बधिर झाली होती. ॲलर्जी तर नाही ना, या काळजीने मुलाने वेटरला हाक मारली. तेवढ्यात आजींनी ताटातून एक उमललेलं तपकिरी टरफल उचललं, नखाने चुरडलं आणि नाकाशी नेलं. ‘काही घाबरू नको,’ त्या सुनेला म्हणाल्या, ‘हे आपलं तिरफळ नव्हे, पण त्याच घरातलं आहे.’

आजींचं म्हणणं अगदी बरोबर होतं. ताटातली ती सिचुआन मिरी आणि कोकणातलं तिरफळ ही दोन्ही झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीगटातली झाडं. काळ्या मिरीशी त्यांचा संबंध नाही, ती लिंबू-संत्र्याच्या कुळातली. त्यामुळेच लिंबूवर्गीय झाडांचा कँकर रोग पसरेल या भीतीने अमेरिकेने सिचुआन मिरीच्या आयातीवर १९६८ पासून २००५ पर्यंत बंदी घातली होती. जीभ बधिर करणारं द्रव्य या टरफलात असतं, बीत नव्हे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ही झिणझिण मोजली, तेव्हा ओठांना ती सेकंदाला साधारण पन्नास वेळा होणाऱ्या कंपनासारखी जाणवते असं दिसलं. सिचुआनच्या जेवणात मिरची आली ती फार नंतर, अमेरिका खंडातून. आपल्याकडेही ती पोर्तुगीजांबरोबर आली. ही टरफलं मात्र तिकडची तिकडे आणि इकडची इकडे, त्याआधीपासून होती.

वेंगुर्ल्याकडच्या घरात तिरफळाशिवाय बांगड्याचं कालवण पुरं होत नाही. झाड काटेरी, खोडावरही बोटाएवढाले काटे, त्यामुळे घोस काढणं जिवावरचं काम. फळं उन्हात वाळली की उकलतात, आतली काळी चकचकीत बी काढून टाकायची आणि टरफलं डब्यात भरून ठेवायची. बी चुकून राहिली तर दाताखाली वाळूसारखी येते. कालवणाला उकळी आली की पाच-सहा टरफलं जराशी ठेचून सोडायची, त्यात लसूण घालायची नाही, कारण दोन वास एकमेकांवर चढतात. जेवताना टरफल ताटाच्या कडेला काढून ठेवायचं. बांगडा, तारली अशा तेलकट माशांचा वास ते कापतं. पापलेटाला ते कुणी लावणार नाही.

आजी हे सगळं सांगत होत्या आणि हाक मारलेला वेटर शेजारी उभा राहून ऐकत होता. मघाशी ‘जसे तयार होतील तसे’ म्हणणारा तोच मुलगा, कालिम्पोंगचा. त्याने हिंदीत सांगितलं की त्यांच्याकडेही हे होतं, टिमुर म्हणतात, डोंगरात आपोआप येतं. त्याची आई टिमुर तव्यावर कोरडं भाजते, कुटते आणि भाजलेल्या टोमॅटोच्या अचारात घालते, मोमोबरोबर खायला. आजींनी त्याला विचारलं, ‘भाजून? मग वास राहतो?’ वाढतो, तो म्हणाला. संध्याकाळभर पाठ केलेली वाक्यं बोलणारा तो मुलगा आता हातांनी आकार दाखवून सांगत होता, टिमुर केवढं, काटे कसे, आई किती घालते.

त्या रेस्टॉरंटच्या कार्डावर सिचुआन मिरीबद्दल एक ओळही नाही. जीभ बधिर होईल, ते तसंच अपेक्षित आहे, एवढंही कुणी ग्राहकाला सांगत नाही, आणि सुनेसारखी माणसं पैसे देऊन घाबरून परततात. ज्याला हा मसाला लहानपणापासून माहीत आहे तो मुलगा त्याच हॉलमध्ये थाळ्या उचलतो. त्याला कधी कुणी विचारलंच नाही. ईशान्येकडची आणि हिमालयाच्या पायथ्याची कितीतरी मुलं पुण्या-मुंबईच्या अशा हॉटेलांत कामाला आहेत. भाताचे, आंबवलेल्या माशांचे, बांबूच्या कोंबांचे, टिमुरचे पदार्थ त्यांच्या घरचे आहेत. मालकांनी आठवड्यातून एकदा त्यांना स्वयंपाकघरात उभं करावं आणि चव घ्यायला सांगावं. कार्ड निम्मं करावं लागलं तरी चालेल. सिचुआन मिरी मागवावी, जरूर मागवावी, पण सावंतवाडीच्या बाजारातलं तिरफळही एकदा कढईत घालून बघावं. त्याचा वास सिचुआन मिरीपेक्षा उग्र आहे, लाकडासारखा, तेव्हा प्रमाण कमी लागेल.

बिल देऊन निघताना आजींनी त्या मुलाला आईच्या अचाराची कृती पुन्हा एकदा विचारून घेतली. टोमॅटो विस्तवावर भाजायचे की तव्यावर, हे त्यांना पक्कं हवं होतं. विस्तवावर, साल काळी पडेपर्यंत. गाडीत बसल्यावर त्यांनी सुनेला सांगितलं की घरी डब्यात मूठभर तिरफळ अजून आहे, उद्या त्यातलं थोडं भाजून बघू, आणि या वेळी लसूण घालायला त्यांची हरकत नाही.