हात थरथरतो, म्हणजे कंपवातच का?

जबलपूरच्या राइट टाउनमध्ये दवाखान्यांना तोटा नाही. चहाचा कप उचलताना बाबांचा हात कापू लागला, की घरात कुणाच्या तरी तोंडून ‘पार्किन्सन’ हा शब्द निघतो आणि ‘मेंदूचा फोटो काढूनच टाकू’ असे ठरते. एमआरआय होतो, रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो, सारे सुटकेचा नि:श्वास टाकतात. गफलत होते ती इथेच.

पार्किन्सनच्या सुरुवातीला एमआरआयमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. तो करायचा ते या आजाराची नक्कल करणारे इतर आजार हुडकायला. मेंदूला बसलेले लहान लहान झटके त्यात दिसतात. मेंदूच्या पोकळ्यांत साठलेले पाणीही दिसते. त्यावर शस्त्रक्रिया करता येते. वारंवार तोल जाऊन पाडणाऱ्या ‘पीएसपी’ या आजारात मध्यमेंदू इतका बारीक होतो, की बाजूने घेतलेल्या चित्रात तो चक्क चिमुकल्या हमिंगबर्ड पक्ष्यासारखा भासतो.

मोठ्या शहरांत ‘ट्रोडॅट’ नावाची तपासणी होते. शिरेतून किंचित किरणोत्सारी औषध देतात आणि काही तासांनी चित्रे घेतात. डोपामीनच्या मज्जातंतूंची टोके शाबूत असतील, तर दोन्ही बाजूंना दोन ठसठशीत स्वल्पविराम उमटतात. पार्किन्सनमध्ये शेपटी पुसट होऊन नुसते टिंब उरते, बहुधा एका बाजूला आधी. मात्र पीएसपीतही चित्र असेच फिकट दिसते. हे दोन्ही वेगळे काढायला पेट स्कॅनची मदत होते. कधी काही महिने वाट पाहणे, लेव्होडोपा गोळीचा गुण येतो का ते बघणे, एवढेच हाती असते.

आणि बाबांचा कप? पार्किन्सनचा हात बहुतेक वेळा मांडीवर निवांत असताना कापतो. कप उचलताना, सही करताना कापणारा हात पुष्कळदा निराळ्याच, आनुवंशिक कंपाचा असतो. त्यात ट्रोडॅट नॉर्मल येतो.

आणखी एक चोर घरातच, औषधांच्या डब्यात असतो. चक्कर येते म्हणून महिनोन् महिने घेतलेली सिनारिझीन किंवा उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड हुबेहूब पार्किन्सनसारखा ताठरपणा आणि कंप आणू शकते. औषध बंद केल्यावर काही आठवड्यांत वा महिन्यांत बहुतेकांचा त्रास ओसरतो. पण ते आपल्या मनाने बंद करू नये. स्कॅनची तारीख घेण्याआधी घरातल्या साऱ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांच्या टेबलावर ओतावीत. त्याला पैसे पडत नाहीत.