केवळ कौशल्य?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैसे लावून खेळायच्या खेळांवर त्याने सरसकट बंदी घातली, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले होते. त्याच आधारावर मोबाइलवर रमीची दुकाने थाटली गेली. ती बंद झाली याचे मला दुःख नाही. गंमत अशी की, याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता देताना अट घातली, ती निकाल केवळ कौशल्यावर ठरण्याची. दारातून हाकललेला वाद खिडकीतून आत आला!

आता मारामारीचे व्हिडिओ गेम घ्या. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर'चे सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी पटकावले. वय वर्षे ४४. पोरखेळ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे वय लक्षात घ्यावे.

या खेळात फासे नाहीत, पत्ते नाहीत. मग नशीब शिरते कुठून? प्रतिस्पर्ध्याच्या मनातून. फटका आला की अडवायचा. नुसते अडवत बसणाऱ्याला धरून आपटायचे. धरायला येणाऱ्याला आधीच ठोसा लगावायचा. हालचाली मोजायच्या सेकंदाच्या साठाव्या भागात. प्रत्येक वेळी पाहून उत्तर देणे माणसाला जमत नाही, अंदाज बांधावाच लागतो.

२००४ साली कॅलिफोर्नियातल्या 'इव्हो' स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराची शक्ती जवळजवळ संपली होती. नुसते अडवले असते तरी त्या झिजेने तो हरला असता. अमेरिकेच्या जस्टिन वाँगने फटक्यांची सरबत्ती सोडली. उमेहाराने एकूण १५ फटके नेमक्या क्षणी परतवले आणि तो डाव जिंकला. बोटांची तयारी अफाट, यात शंकाच नाही. पण सरबत्ती आत्ताच सुटणार, हे त्याने ताडले होते. पुढे अंतिम सामना मात्र तो हरला.

आणि खरेपणाचे म्हणाल, तर तो वाढला की नशीबच वाढते. १९९७ च्या 'बुशिडो ब्लेड' या तलवारबाजीच्या गेममध्ये शक्तीची पट्टीच नव्हती. वर्मी एक घाव बसला की खेळ खलास. खऱ्या लढाईसारखेच. एक अंदाज चुकला, सगळे संपले. पट्टी खोटी असेल, पण सावरायला ती वेळ देते. जाणकार आयोजक त्यापुढे जाऊन तीनातले दोन, पाचातले तीन असे सामने लावतात.

मान्यता देणाऱ्यांनी 'केवळ' या शब्दाचा कीस पाडण्याआधी एवढेच विचारावे: निकाल किती डावांवर लावता?