आश्विनात एक दिवस मैत्रिणीच्या वाडीत

मैत्रिणींनो, घट उठले, दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दिवाळीच्या फराळाला अजून थोडा अवकाश आहे. वर्षातले हे आठ-दहा दिवस आपले. डबे घासायला काढण्यापूर्वी त्यातला एक रविवार बाजूला ठेवा आणि मुलांना घेऊन एखाद्या जुन्या मैत्रिणीकडे जा. आम्हा पनवेलकरांना तर अलिबाग-चौल एका दिवसात सहज होतं.

निघावं सकाळी सहाला, कारण या दिवसांतलं ऊन दहा वाजताच चटके देऊ लागतं. कर्नाळ्याच्या खिंडीत झाडी अजून गच्च हिरवी असते आणि वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. पेणला पोह्याचे पापड घ्यावेत. वडखळला गोव्याचा रस्ता सोडून अलिबागकडे वळलं, की खारेपाटातली भातशेती लागते. हळवं भात पिवळं होऊन कापणीला आलेलं, गरवं अजून हिरवं. याच भागातल्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं संप केला, जमिनी कसल्या नाहीत. मुलांना हे जरूर सांगा. त्या सहा वर्षांत घरोघरच्या बायांनी चूल कशी पेटती ठेवली असेल, हा विचार तिथून जाताना माझ्या मनात दर वेळी येतो.

अलिबागच्या पुढे नागाव, चौल, रेवदंडा. इथे नारळी-पोफळीच्या वाड्या. माझी कॉलेजातली मैत्रीण इथेच दिली आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं, ताशी १०० ते ११० किलोमीटरच्या वाऱ्याचं. तिच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक पोफळी एका दुपारीत आडव्या झाल्या. नवी पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. तोवर रोपाला सावली म्हणून केळी लावायची, पाणी घालायचं आणि वाट बघायची. मधल्या काळात बंगल्यासाठी जागा मागणारे दारात येतातच. "ये म्हणू कशाला तुला? आता काय आहे बघण्यासारखं?" असं ती दोन वर्षं म्हणत होती. मी म्हटलं, "अगं, मी पोफळी बघायला येत नाही, तुला बघायला येते."

म्हणून सांगते, मैत्रिणीची वाडी भरलेली असताना सगळेच जातात. पडल्यावर जाणारं माणूस तिला जास्त हवं असतं. मात्र आपली सहल म्हणजे तिची स्वयंपाकघरातली हमाली होऊ नये, एवढं पाहा.

आठ दिवस आधी कळवा आणि जेवण आपलं आपण न्या. दुधात भिजवलेल्या दशम्या, तिळाची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी उन्हात टिकते. ओल्या खोबऱ्याचं काही नेऊ नका, ते आंबतं. तिच्याकडून फक्त ताक किंवा सरबत घ्या आणि चार घास तिलाही आपल्यासोबत बसून खायला लावा. बाई घरात बसून आयतं जेवली, हीच तिची सहल!

दुसरं म्हणजे नारळ, सुपारी, केळी पिशव्या भरभरून फुकट आणू नका. ती "राहू दे गं" म्हणणारच. तुम्ही म्हणा, "वर्षाचे नारळ तुझ्याकडूनच घेणार, बाजारभावाने." मग पैसे घ्यायला तिला संकोच वाटत नाही आणि वाडीलाही आधार होतो. अनंताची फांदी किंवा अळूचा कांदा मात्र हक्काने मागा. ओल्या गोणपाटात गुंडाळून वर केळीचं सोपट बांधलं, की घरी येईपर्यंत सुकत नाही.

यंदा तिच्या नव्या पोफळींपैकी तिघींनी पहिली फुलं धरली आहेत. फोनवर तिनं हे सांगितलं तेव्हा आवाज बाळंतपणाची बातमी द्यावी तसा होता.

तुमचीही अशी एखादी मैत्रीण असेलच. तिला आजच फोन करा. दिवाळीची साफसफाई कुठे पळून जात नाही.