न्हाणीची फरशी बदलताना

पूर्वी आपल्याकडे न्हाणी म्हणजे अंगणाच्या कोपऱ्यात टाकलेली एक शहाबादी फरशी आणि आडोशाला तट्ट्या. पाणी मातीत मुरायचे, घराला त्याचा त्रास नव्हता. आता दिवस बदलले. कोणाला रमाई आवास योजनेतून घरकुल मिळाले, कोणी पै-पै जोडून वर माडी चढवली. न्हाणी घरात आली, तिला टाइल्स लागल्या आणि सोबत एक नवे दुखणेही आले. न्हाणीमागच्या भिंतीचा रंग फुगतो, पोपडे सुटतात. माडीवर न्हाणी असली तर खाली स्वयंपाकघराच्या छताला ओल धरते.

अशा वेळी आपण पांढरे सिमेंट आणून सांधे भरतो. काही दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. कारण पाणी टाइल्स अडवीत नाहीत. ते त्यांच्या सांध्यांतून झिरपतेच. ते अडवायचे असते टाइल्सखालच्या वॉटरप्रूफ थराने. तो थर फाटला किंवा मुळात दिलाच नसला, तर वरची मलमपट्टी फुकट. जुन्या टाइल्सवर नव्या बसविल्या तरी खालचे दुखणे तसेच राहते.

मात्र फोडाफोडी करण्याआधी खात्री करून घ्यावी. दोन-चार दिवस न्हाणी वापरू नये, नळाचे पाणी चालू ठेवावे. तरी ओल वाढत असेल तर दोष बहुधा भिंतीतल्या पाइपाचा. मग जाळीचे तोंड कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटे पाणी साठवावे आणि एक दिवस ठेवावे. पाणी झपाट्याने उतरले किंवा खाली ओल वाढली, तर दोष फरशीचा समजावा.

फरशी उखडायची तर भिंतीच्या खालच्या एक-दोन ओळीही काढाव्याच लागतात. गवंडी म्हणेल, ‘भिंत कशाला फोडता?’ पण परातीला काठ नसला तर पाणी थांबेल का? वॉटरप्रूफ थराची अशीच परात करायची असते. फरशी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोल वाटा काढावा, थर भिंतीवर निदान फूटभर चढवावा आणि जाळीच्या तोंडात आतपर्यंत न्यावा. गळती बहुतेक वेळा या दोन जागीच असते. पहिला हात आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. माडीवर छिन्नी बेताने चालवावी, स्लॅबच्या सळईला धक्का लागू देऊ नये.

थर पुरता वाळला की टाइल्स बसविण्याआधी पुन्हा पाणी भरून एक-दोन दिवस पाहावे. ही परीक्षा घेतल्याशिवाय पुढचे काम करू देऊ नये. नंतर चूक सापडली तर सगळे पुन्हा फोडावे लागते.

आपल्या शेगाव भागात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पूर्णेकाठचा हा खारपाण पट्टा अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. इथल्या अनेक विहिरी-बोअरचे पाणी खारट. त्यात सिमेंट कालवले तर भिंतीला पांढरा लोणा फुटतो आणि सळई गंजते. सळई गंजली की फुगते आणि छताचे ढलपे खाली पडतात. भारतीय मानकाप्रमाणे सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. साधा नियम असा, की जे पाणी आपण पिऊ ते सिमेंटला द्यावे. खालच्या मजल्यावर काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. म्हणून फरशीखालची माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुमसावा, मगच कोबा करावा.

घरात म्हातारी माणसे असतील तर उंबरा उंच ठेवू नये. त्याऐवजी फरशी खोलीपेक्षा थोडी खाली घेऊन जाळीकडे दर फुटाला पाव इंच ढाळ द्यावा. टाइल्स खरबरीत घ्याव्यात. गुळगुळीत टाइलवर साबणाचे पाणी पडले आणि आजीचा पाय घसरला, तर दवाखान्याचे बिल न्हाणीच्या खर्चाहून मोठे होते.

एवढ्या कामाला आठवडा जातो. तेवढे दिवस आंघोळीची सोय शेजारी करून ठेवावी.

आपल्यात गवंडी आणि बेगारी कमी नाहीत. दुसऱ्यांचे बंगले पक्के बांधणारे हे हात स्वतःच्या न्हाणीला मात्र रविवारचा अर्धा दिवस देतात, तोही उरलेल्या मालावर. आम्हाला वाटते, आपल्या घरालाही तेवढीच सचोटी मिळाली पाहिजे. पैसे कमी असतील तर महागडी टाइल सोडावी आणि साधी घ्यावी. खालच्या थरात मात्र काटकसर करू नये. तो कोणाला दिसत नाही, पण घर त्याच्यावरच कोरडे राहते.