पदवीवाचूनची विद्या

एप्रिल २००१ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी, या संस्थेने आपल्या बहुतेक सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य इंटरनेटवर विनामूल्य खुले करण्याचा संकल्प जाहीर केला. तो काळ ज्ञानाचे दुकान थाटण्याचा होता. कोलंबिया विद्यापीठाने त्यासाठी 'फॅदम' ही कंपनीच काढली. २००३ मध्ये ती गुंडाळावी लागली. एमआयटीचा उपक्रम मात्र २००२ मधील ५० अभ्यासक्रमांवरून २००७ पर्यंत सुमारे १८०० वर पोहोचला.

वर्षाला पंचवीस हजार डॉलरहून अधिक शुल्क आकारणाऱ्या संस्थेला हे परवडले कसे? तिने टिपणे, गृहपाठ, प्रश्नपत्रिका दिल्या. पदवी दिली नाही आणि शंका विचारायला प्राध्यापकही दिला नाही. म्हणजे विद्या दिली, शिक्का राखून ठेवला! शिक्क्यासाठीच शिकणाऱ्या समाजाला हे दान अपुरे वाटणारच.

भारतातही हे दालन उघडे आहे. केंद्र सरकारच्या अर्थसाह्याने आयआयटी संस्था व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटेल' उभारले. शिकणे विनामूल्य, शुल्क केवळ प्रमाणपत्राच्या परीक्षेचे. काही व्याख्यानांची मराठी भाषांतरेही उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये 'स्वयम्' आले आणि २०२१ च्या नियमांनी सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय तेथून पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठांना दिली. तरीही क्लासच्या शुल्कासाठी कर्ज काढणाऱ्या किती पालकांना याची वार्ता आहे?

अडचण केवळ माहितीची नाही. प्रा. गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने जगभर लक्षावधी वेळा पाहिली गेली. पण पाहणे म्हणजे शिकणे नव्हे. गृहपाठाची उत्तरे शेजारीच असतात. ती न उघडता तासभर एका गणिताशी झुंजायचे, चुकायचे, पुन्हा मांडायचे, आणि हे सारे कोणी विचारणारा नसताना! हा स्वाध्याय एकट्याने फार दिवस टिकत नाही. दोन आठवड्यांत उत्साह मावळतो.

गावोगावी चालणाऱ्या अभ्यासिका येथे उपयोगी पडाव्यात. आज तेथे स्पर्धा परीक्षांचीच पुस्तके दिसतात. आठवड्यातील एक सायंकाळ, पाच-सहा विद्यार्थी, एक संगणक आणि शंका ऐकून घेणारा एखादा निवृत्त प्राध्यापक, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. तालुक्याच्या तंत्रनिकेतनातील विद्यार्थ्यापासून ही योजना सुरू करावी. त्याला इंग्रजी व्याख्यान समजावून देणारा मराठी माणूस शेजारी हवा, आणि असा माणूस शोधणे हे कार्यकर्त्यांचे पहिले काम.