हाताला काम, गावाला काम

दुष्काळ पडला की ‘हाताला काम द्या’ अशी मागणी उठते. ती रास्तच आहे. उपाशी माणसाला उद्याच्या योजना ऐकवणे ही क्रूर थट्टा होय. परंतु हाताला काम मिळाले म्हणजे गावालाही काम मिळाले, असे समजणे बरोबर नव्हे.

1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो माणसे खडी फोडावयास गेली. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमी योजनेला बळ मिळाले व 1977 साली तिचा कायदा झाला. 2005 साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला. याचा आपणांस अभिमान हवाच. पण खडीचा ढीग रचून झाला की मजुरी थांबते आणि मजूर होता तेथेच राहतो.

पाझर तलावाची गोष्ट निराळी. 1972 पूर्वीच बारामतीच्या जिराईत भागात धान्याच्या मोबदल्यात असे तलाव बांधले गेले. तलाव बांधून झाला की मजुरी संपते खरी. पण खालच्या विहिरींना पाणी उतरते. पाण्यावर कडवळ येते, कडवळावर गाय उभी राहते. गाईमागे दूध गोळा करणारा येतो, जनावरांचा डॉक्टर येतो, विहिरीवरची मोटर दुरुस्त करणारा येतो. एका कामाच्या पोटी दुसरे काम जन्मते. टिकाऊ रोजगार तो हाच!

इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर पाहा. वालचंद हिराचंद यांनी 1930 नंतरच्या दशकात तेथे साखर कारखाना उभारला. साखरेपाठोपाठ यंत्रे घडविण्याचे काम आले आणि पुढे त्याच माळावर इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होऊ लागले. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने उभे राहिले व त्यांच्याभोवती शाळा, दवाखाने, बाजारपेठा वाढल्या.

मात्र याच उसाची दुसरी बाजूही पाहावयास हवी. ऊस तोडावयास बीडसारख्या जिल्ह्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, पाचटाच्या खोपटांत राहतात आणि पट्टा पडला की परततात. त्यांच्या गावी काम नाही, म्हणून आपल्या गावी ऊस तुटतो. एका गावाची भरभराट दुसऱ्या गावाच्या ओसाडपणावर उभी असेल, तर तिला ग्रामीण पुनरुज्जीवन म्हणावे काय?

उजनीचाही धडा असाच आहे. 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणात इंदापूर तालुक्यातील गावे व भीमाकाठची काळी जमीन बुडाली. त्याच पाण्याने पुढे भिगवणला मासळीबाजार दिला आणि रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांमुळे कुंभारगावच्या नावाड्यांना हंगामी उत्पन्न दिले. पण बारीक आसाच्या जाळ्याने माशांची पिले उपसली, तर आजची कमाई उद्याचा रोजगार गिळते. रोजगार टिकवावयाचा तर त्याचे मूळ राखावे लागते. मग ते मूळ मासळी असो वा भूजल.

बारामतीस औद्योगिक वसाहत आहे, कापड उद्योगात अनेक भगिनींना कामही मिळाले आहे. ते स्वागतार्ह आहे. परंतु प्रत्येक गावी कारखाना येणार नाही. प्रत्येक गावी ग्रामसभा मात्र आहे. तिच्यासमोर येणाऱ्या प्रत्येक कामाविषयी एकच प्रश्न विचारला जावा : हे काम संपल्यावर मागे काय उरेल आणि त्यावर कोणाची चूल पेटेल?

हा प्रश्न विचारण्यास अभियंता असावे लागत नाही. कला शाखेची पदवी घेऊन नोकरीच्या जाहिराती चाळणाऱ्या आपणांपैकी कित्येकांना अंदाजपत्रक वाचता येते, विहिरींच्या पातळीची नोंद ठेवता येते, दूध संस्थेचा हिशेब तपासता येतो. शहराकडे जाणाऱ्यास दोष देण्याचे कारण नाही. पण ज्याला गावी राहावयाचे आहे, त्याला नाइलाजाने गाव सोडावे लागू नये, एवढी व्यवस्था उभी करणे हे आपल्या पिढीचे कर्तव्य आहे.