मातीचा बांध आणि गावकुसाबाहेरील वस्ती

१९७२ साली मराठवाड्यावर दुष्काळाचा घाला पडला, तेव्हा औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात पाझर तलावांची व मातीच्या बांधांची कामे निघाली. डोक्यावर पाटी घेऊन त्या बांधांवर माती कोणी टाकली? भूमिहीनांनी, आणि त्या भूमिहीनांत आपले समाजबांधव मोठ्या संख्येने होते. बांधाखालच्या विहिरींना पाणी आले. परंतु ज्याचे शेत त्याची विहीर, आणि ज्याची विहीर त्याचे पाणी! बांध रचणाऱ्याच्या पदरी दुष्काळातील मजुरीच राहिली.

आज प्रश्न पाण्याइतकाच जिवाचाही आहे. असा बांध ओढ्याचा लोंढा थोपवून खालील गावाचा पूर मंद करतो, हे त्याचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. परंतु मातीचा बांध पाण्याचा भार सोसतो. पाणी माथ्यावरून गेलेले त्याला सोसत नाही. सांडवा गाळाने वा झुडपांनी तुंबला की पाणी माथ्यावर चढते, भराव धुपतो आणि बांध पाहता पाहता वाहून जातो. बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी पाझरू लागले, तर आतील माती निघून चालली असे समजावे. आणि बांध फुटलाच, तर पाणी प्रथम कोठे शिरेल? अनेक गावांत ओढ्याकाठच्या सखल जागी, गावाने पूर्वी नेमून दिलेल्या आमच्या वस्तीत. संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली. वस्तीची जागा मात्र तीच राहिली.

ही भीती काल्पनिक नव्हे. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले व भेंदवाडीतील घरे माणसांसह वाहून गेली. गळतीची तक्रार ग्रामस्थांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारणमंत्र्यांनी मात्र दोष खेकड्यांच्या माथी मारला. पुढे २०२१ साली संसदेने धरण सुरक्षा कायदा केला. तो १५ मीटरहून उंच धरणांना, आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू आहे. त्याहून ठेंगणा गावचा बांध त्या कायद्याच्या दृष्टीस पडत नाही. बांध लहान, म्हणून त्याखाली निजणाऱ्यांचे प्राणही लहान काय?

१९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर परमपूज्य बाबासाहेबांनी मजूरमंत्री या नात्याने दामोदर योजनेला चालना दिली. पूर रोखणारे पाणीच शेतीला व विजेला कामी यावे, ही त्यांची दृष्टी होती. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा सांगितला आहे. सिद्धार्थाने युद्धास विरोध केला आणि दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी नेमून निवाडा करावा असे सुचविले. पाण्याचा निर्णय सर्वांच्या प्रतिनिधींनी करावयाचा, हा त्यातील बोध आहे.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. दरवर्षी मृग नक्षत्रापूर्वी प्रत्येक लहान बांधाची पाहणी व्हावी, आणि तीत बांधाखालील वस्तीतील स्त्रीपुरुषांचे प्रतिनिधी हक्काने असावेत. पाहणीचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा. सखल वस्तीला उंच जागी मालकीचे घरपट्टे मिळावेत. बौद्ध बंधुभगिनींनी हे अर्ज आजच लेखी द्यावेत व त्यांची पोच जपून ठेवावी. ज्यांच्या हातांनी बांध उभारला, त्यांनी त्याच्या सुरक्षिततेचा जाब विचारणे ही याचना नव्हे. तो त्यांचा अधिकार आहे.